जयूचा गुरुवार

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा दुसरा चहा गाळत होते. लंडनजवळच्या वॉटफर्डहून तिची मुलगी रेणू बोलत होती. जयू दोन आठवड्यांसाठी तिच्याकडे राहायला गेली होती. "मावशी, आई उठला नाही... मी हाक मारली, आई उठलाच नाही." रेणूचा जन्म इथला, तिचं मराठी एरवीही अडखळतं आणि मी शिक्षिकेच्या थाटात ते सुधारत असते. त्या दिवशी मला त्यात एकही चूक ऐकू आली नाही. यावर माणूस काय बोलतं? धीराचं काहीतरी बोलतं. मी म्हणाले, "अगं, पण गुरुवारचं बुकिंग आहे आमचं!" पलीकडून ती रडायला लागली आणि मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले. आयुष्यभर लोकांना ऑपरेशनआधी झोपवणारी बाई स्वतः झोपेतच गेली, आणि मला सुचलं काय, तर बुकिंग!

आता ह्या बुकिंगबद्दल सांगायलाच हवं, कारण जयूबद्दल सांगायचं म्हणजे तेच सांगायचं. आमचं गाव एडिनबरापासून ट्रेननं तासाभरावर, समुद्राकाठी. जयू इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती आणि मी तिथल्याच फार्मसीत. ती नागपूरची, मी मिरजेची. एकदा बंद पडलेल्या लिफ्टला मी मनापासून शिव्या घालत होते, तर मागून आवाज आला, "बाप्पा! मिरज का सांगली?" वळून बघते तर हिरव्या टोपीतली ही एवढीशी बाई पोट धरून हसत होती. गावात तेव्हा मराठी माणसं तीनच. जयू, तिचा नवरा अनिल आणि मी. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझ्या बाजूनं आकडा वाढायची शक्यता नव्हती.

जयूच्या घरी स्वयंपाक अनिल करायचा आणि गप्पाही तोच मारायचा. जेवायला बसलं की दीड-दोन तास कुणी उठायचं नाही. ती दोघं एकदा थायलंडला गेली होती, तिथे रस्त्याकडेला बसून खाल्लेल्या बार्बेक्यूची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे होते असं मला वाटतं. टेबलावर शेगडी, शेगडीवर एक पॅन. पॅनच्या मध्यभागी घुमटासारखा उंचवटा आणि भोवती पन्हळ. उंचवट्यावर मांस भाजायचं, त्याचा रस ओघळून पन्हळीतल्या पाण्यात उतरतो, त्या पाण्यात पालेभाज्या आणि शेवया शिजवायच्या. ज्याचं त्यानं भाजायचं आणि दुसऱ्याच्या ताटात वाढायचं. अनिल म्हणायचा, ह्या जेवणात घाई करताच येत नाही, म्हणून ते बेस्ट.

मग अनिल गेला. जयू खचली वगैरे नाही. कामावर जायची, बागेत खपायची, फोनवर रेणूशी हसून बोलायची. पण जेवायला बसेना. मी एकदा न सांगता गेले, तर बाईसाहेब सिंकपाशी उभ्या राहून टोस्ट खातायत. बशीसुद्धा नाही! विचारलं तर म्हणाली, "ताट वाढून घेतलं की समोरची खुर्ची दिसते गं." मला राग आला. मी म्हटलं, "मी जन्मभर एकटी जेवतेय, मला काय धाड भरली?" त्यावर तिनं टोस्टचा तुकडा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाली, "तुला सवय आहे. मला नाही. आणि ती लावून घ्यायचीही नाहीये मला." ह्या बाईला पुन्हा बसून जेवायला लावायचं, हे मी त्या दिवशी ठरवलं. घरी बोलावलं तर यायची, पण दोन घास खाऊन ताटात रेघोट्या मारत बसायची. शेवटी वैतागून विचारलं, "तुला खायचंय तरी काय? एकदाचं सांगून टाक." तर म्हणते, "तो थाई बार्बेक्यू."

आता आमचं गाव केवढं, तर एक फिश-अँड-चिप्सवाला, एक कबाबवाला, रविवारी रोस्ट देणारा एक पब आणि एक 'इंडियन', ज्याच्या मेनूतल्या एकाही पदार्थाची माझी भारतात कधी ओळख झाली नव्हती. एडिनबराला जायचं तर परतीच्या ट्रेनकडे डोळा ठेवून जेवायचं, म्हणजे पुन्हा घाईच. मी आशा सोडली होती. आणि एके दिवशी चॅरिटी शॉपच्या काचेवर हातानं लिहिलेला कागद दिसला : बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये थाई बार्बेक्यू. मी तिथूनच जयूला फोन लावला. ती एवढ्यांदा ओरडली की दुकानातल्या बाईनं मान वर केली. मग मी पुढची ओळ वाचली. फक्त गुरुवारी. बाकीच्या दिवशी हॉलमध्ये ब्रिज, नाच आणि लग्नं.

गुरुवार! आम्ही दोघीही महाराजांचा गुरुवार करणाऱ्या. माझं एक ठीक आहे, मी सगळेच वार शाकाहारी. पण जयू सहा दिवस मासे-मटण-डुक्कर काही सोडायची नाही आणि गुरुवारी अंड्याकडे बघायचीही नाही. लेबर रूमच्या रात्रपाळ्यांतही तिनं गुरुवार मोडला नव्हता. सगळ्या गावात एकच बार्बेक्यू, आठवड्यातून एकदाच, आणि तो नेमका ह्या वारी! "जाऊ या तर," जयू म्हणाली. "भाज्या भाजू. बसू तरी."

दारात पिम उभी होती. ही थाई बाई लग्न करून ह्या गावात आली आणि क्लबचं स्वयंपाकघर भाड्यानं घेऊन हे जेवण करायला लागली. तिचा पहिला प्रश्न, "हाऊ मेनी?" आणि पहिला नियम, "मिनिमम टू." एका माणसासाठी ती पॅन पेटवत नाही. हे जेवण आमच्याकडे कुणी एकटं जेवतच नाही, म्हणाली. आम्ही दोघी होतो, बसलो. पॅन आला, त्याच्या घुमटावर एक पांढरा शुभ्र चौकोनी तुकडा. मी मिरजेची शहाणी, लगेच म्हणाले, "खोबरं दिसतंय. छान, नारळाच्या तेलात भाजतात वाटतं." जयूनं माझा हात हवेतल्या हवेत धरला. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला चरबी ओळखू येणार नाही का! तो डुकराच्या चरबीचा तुकडा होता. पॅनला चिकटू नये म्हणून ठेवतात. पिमला आमची अडचण सांगायला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर ती कपाळाला हात लावून हसली, पॅन बदलून आणला, तिळाचं तेल आणलं आणि पन्हळीत हाडांच्या सूपाऐवजी नुसतं गवती चहाचं पाणी ओतलं. मश्रूम्स, मका, वांगी, टोफू. एका बाजूला मी उलथत होते, एका बाजूला जयू. अनिलचे किस्से निघाले, मग हॉस्पिटलचे निघाले, मग आम्ही तिसऱ्यांदा शेवया मागवल्या. क्लबवाले खुर्च्या उचलायला लागले तेव्हा कुठे आम्ही उठलो. जयू दोन तासांच्या वर खुर्चीत बसून जेवली होती. मला इतका आनंद झाला की कार्डिगनला आलेल्या धुराच्या वासाचंही काही वाटलं नाही.

मग आमचे गुरुवार सुरू झाले आणि बरेच महिने ते असेच शाकाहारी चालले. त्या हिवाळ्यात एकदा बाहेर झोंबरा वारा सुटला होता. दार उघडून एक उंच म्हातारा आत आला. हातात भिजलेली टोपी, गळ्यात टाय. पिमनं विचारलं, हाऊ मेनी. तो म्हणाला, एकटाच. पिमनं नियम सांगितला. "नो बॉदर, नो बॉदर," असं पुटपुटत तो मागे वळलाही. तो दारापर्यंत पोचायच्या आत जयू उभी राहिली आणि भर हॉलमध्ये ओरडली, "ही इज विथ अस!" मग मला म्हणाली, "सरक." गॉर्डन त्याचं नाव. पूर्वी पोस्टमन होता. बायको गेल्यापासून तो घरी सूपचा डबा उघडून टीव्हीसमोर प्यायचा, हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. आणि त्यानं पोर्क मागवलं. मागवणारच, बार्बेक्यूला आला होता तो.

पिम मांसाची ताटली घेऊन आली आणि थबकली. तिला आमचा गुरुवार आता पाठ होता. पॅन एकच, त्यावर आमचे मश्रूम्स. गॉर्डनला काहीच कळत नव्हतं, तो बिचारा हात मांडीवर ठेवून बसला होता. मी जयूची बाही ओढली. "जयू, गुरुवार आहे."

"माहितीये."

"मग?"

"मग त्याला एकट्याला खाऊ घालून आपण बघत बसायचं का? आजपासून मी बुधवार करते."

"असा वार बदलतात का कुणी?"

"महाराजांना मी सांगीन काय ते. तू मध्ये पडू नकोस."

आणि तिनं चिमट्यानं पोर्कचा तुकडा उचलून घुमटावर ठेवला. चर्र झालं. मी तर चिडून लाल! माझे मश्रूम्स गेले ते गेलेच, वर ही बया अनिलच्या वेळी हसायची तशी हसत त्या माणसाच्या ताटात वाढतेय आणि स्वतःही खातेय. पिमनं माझा चेहरा बघितला, आत गेली आणि एक छोटासा पॅन घेऊन आली. रात्री सगळं आवरल्यावर ती ज्यावर स्वतःचं जेवण करायची, तो. टेबलाच्या कोपऱ्यात वेगळी शेगडी लावून म्हणाली, "ओन्ली फॉर यू." तेव्हापासून तो पॅन माझा झाला. जयू सगळ्यांना सांगायची, "आमच्या बाईंची वेगळी चूल आहे."

वार बदलला म्हणून जयूनं तो ढिला केला असं मात्र नाही. तिचा बुधवार गुरुवारपेक्षा कडक निघाला. हॉस्पिटलात एका नर्सचा निरोपसमारंभ होता, जयूनं केक घ्यायला नकार दिला. का, तर "केकमध्ये अंडं आहे आणि आज माझा थर्स्डे आहे." खोलीतल्या सगळ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गॉर्डननंतर पिमला युक्ती सापडली. कुणी एकटं आलं की ती नियम सांगायची नाही, सरळ आमच्या टेबलाकडे बोट दाखवायची. त्या टेबलाचं नावच 'डॉक्टर्स टेबल' पडलं. कधी केअर होममध्ये काम करणारी एखादी मुलगी, कधी पवनचक्क्यांच्या कामावर आलेला कुणी इंजिनिअर. जयू प्रत्येकाला आधी ताट द्यायची, मग नाव विचारायची. मला ही गर्दी आवडायची असं खोटं मी लिहिणार नाही. माझं बोलणं तोडून ती नव्या माणसाकडे वळायची तेव्हा मी माझ्या पॅनवरचं वांगं उगाचच उलटसुलट करत बसायचे. "ये ना इकडे," ती म्हणायची. मी नाही म्हणायचे. तिनंही कधी जबरदस्ती केली नाही, आणि इतक्या वर्षांत तिनं मांसाचा चिमटा माझ्या पॅनला चुकूनसुद्धा लागू दिला नाही. कुणी नवखा माझ्याकडे हात लांबवायला लागला तर त्याच्या मनगटावर चापट बसायची. मी सुखी होते त्या कोपऱ्यात. जयू समोर होती, बसून जेवत होती, आणखी काय हवं होतं मला?

वॉटफर्डला जायच्या आदल्या गुरुवारी तिनं पोर्क जरा जास्तच खाल्लं आणि गाडीत माझ्याशेजारी बसून "आता दोन आठवडे उपास," म्हणाली. लेकीला ह्या वारबदलाचं सांगितलंस का, असं मी विचारलं. "हॅ! तिला वाटेल आईचं डोकं फिरलं. सांगीन कधीतरी." घराशी उतरताना हात हलवला, तेवढंच.

ती गेल्यावर काही आठवडे मी क्लबकडे फिरकले नाही. पिमचे दोन मेसेज आले, त्यांना मी उत्तर दिलं नाही. एकटं जेवायची मला जन्माची सवय, असं मी ज्याला त्याला ऐकवत आले होते. ती सवय कुठे गेली कोण जाणे. ताट वाढावंसं वाटेना. जयूची इतकी आठवण यायची की राग यायचा तिचा. मला बसून जेवायची चटक लावून ही निघून गेली!

मग रेणू आली, आईचं घर आवरायला. मी जेवायला बोलावलं तर म्हणाली, "नको मावशी, मी काहीतरी खाते." संध्याकाळी गेले तर पोरगी खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभी राहून पाकिटातली बिस्किटं खात होती. "कोट घाल," म्हटलं. "कुठे जायचं?" "जेवायला. आई जायची तिथे." गुरुवारच होता.

गाडीत ती म्हणाली, "पण मावशी, मी ओन्ली व्हेज खाणार. मी गुरुवार करते आता. आईसाठी. आई कधीच नाही चुकवला ना, एकपण गुरुवार?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. काय सांगणार? आईच्या आठवणीत पोरीनं एवढा एकच धागा धरून ठेवलेला, तो मी कुठल्या तोंडानं ओढू? मी गाडी क्लबकडे वळवली. आणि गॉर्डन तिथे असणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तो होता. टाय लावून होता. रेणूला बघताच उठून उभा राहिला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "तुझ्या आईसारखं पोर्क भाजणारं कुणी नाही. दर गुरुवारी पहिला तुकडा ती मला वाढायची, दुसरा स्वतः घ्यायची."

रेणूनं माझ्याकडे बघितलं. आता सुटका नव्हती. "बस," म्हटलं, "सांगते." आणि सगळं सांगितलं. समोरची खुर्ची, टोस्ट, खोबरं, भिजलेली टोपी, 'ही इज विथ अस', आणि बुधवार. रेणू ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्याचं मला काही कळत नव्हतं. मग एकदम तिनं तोंडावर हात ठेवला.

"बुधवार? मावशी... आईच्या लास्ट वीकमध्ये मी तिच्यासाठी चिकन केली होती. बाबाचा रेसिपी. पूर्ण दिवस लागला मला. आणि आई म्हणाली, आज नको गं, भूक नाही. टच पण नाही केला. तो बुधवार होता. मी... मी तिला बोलले होते, तुला माझं काही आवडत नाही म्हणून. मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम व्हेज केलं, गुरुवार म्हणून, आणि आई काहीच नाही बोलली, खाल्लं गुपचूप... मला वाटलं, रागावली आहे."

"अगं, रागावतेय कसली," मी म्हटलं, "तुझ्यापायी तिला दोन दिवस उपास घडला! चिकनकडे बघून जीव जात असेल तिचा. अनिलच्या हातचं चिकन म्हणजे... तिचा प्राण होता त्यात. फक्त वार आडवा आला."

"शुअर?"

"शप्पथ."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि मग दोन्ही एकदम. गॉर्डन घाबरून पेपर नॅपकिन्सचा अख्खा गठ्ठाच पुढे करत होता. आपण नक्की काय केलं, हे त्याला अजूनही कळलेलं नाही. पिम आमचे दोन्ही पॅन मांडून आणि रेणूच्या पाठीवरून हात फिरवून गेली. मीही रडले, लपवत नाही. जयू गेल्यावर पहिल्यांदा मोकळेपणी रडले आणि फार बरं वाटलं.

रेणूनं नाक पुसलं. गॉर्डननं भाजलेला पोर्कचा पहिला तुकडा तिच्यापुढे धरला होता. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली. "नेक्स्ट टाइम," त्याला म्हणाली, आणि मला मराठीत, "आज मी गुरुवार धरला आहे ना, तो नाही मोडणार. पुढचा बघू." मग तिनं खुर्ची उचलली आणि टेबलाच्या कोपऱ्याशी, माझ्या शेजारी आणून ठेवली. "मावशी, तुझी पॅनमध्ये दोन जण चालतं?"

पिम आम्हा दोघींसाठी मोठा पॅन आणायला निघाली होती, मी तिला हातानंच नको म्हटलं. त्या पॅनवर इतकी वर्षं माझ्याशिवाय कुणाचा चिमटा फिरला नव्हता. रेणूनं टोफूचा तुकडा ठेवला, तो कलंडून पन्हळीत पडला, तिनं तो काढून पुन्हा वर ठेवला. भाजून झाल्यावर स्वतःच्या ताटात न घेता माझ्या ताटात वाढला. मी माझे मश्रूम्स एका बाजूला सारले आणि तिला जागा करून दिली.